कृष्ण तेजोमेघ आणि ताऱ्यांचा जन्म: छायाचित्रणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांतल्या वेळा भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे आहेत आणि आकाशातली उंची पुण्याच्या अक्षांशासाठी, म्हणजे 18.5 अंश उत्तर धरून, दिली आहे. नागपूरकरांनी दक्षिणेकडच्या लक्ष्यांची उंची अडीच-तीन अंशांनी कमी धरावी, गोव्यातल्यांनी तीन अंशांनी जास्त.

कृष्ण तेजोमेघ म्हणजे आकाशातलं भोक का?

विल्यम हर्शेलला अठराव्या शतकात तसंच वाटलं होतं: ताऱ्यांच्या गर्दीत मध्येच रिकामी जागा. एडवर्ड बर्नार्डने आकाशगंगेचे फोटो वर्षानुवर्षं काढले, तरी या काळ्या जागा रिकाम्या नसून पुढे काहीतरी आडवं आलेलं आहे हे पटायला त्यालाही बराच काळ लागला. त्याची 182 काळ्या खुणांची पहिली यादी 1919 मध्ये आली.

आड येतो तो थंड वायू आणि धुळीचा ढग. वस्तुमानाने पाहिलं तर 99 टक्के वायू, तोही मुख्यतः रेण्वीय हायड्रोजन, आणि जेमतेम 1 टक्का धूळ. प्रकाश अडवण्याचं काम जवळजवळ सगळं ती 1 टक्का धूळच करते. तिचे कण एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे असतात. सिलिकेट आणि कार्बनचे, दाट भागात वरून बर्फाचा थर चढलेले. सिगारेटच्या धुराचे कण साधारण याच आकाराचे.

काळी वस्तू फोटोत येते कशी?

इथे तीन वेगवेगळे प्रकार एकाच नावाखाली येतात. तो फरक कळला नाही तर फिल्टर, जागा, वेळ सगळंच चुकतं.

पहिला प्रकार: मागे तेजस्वी हायड्रोजन आणि पुढे काळी आकृती. मृग नक्षत्रातला घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ, बर्नार्ड 33, हे त्याचं ठळक उदाहरण. मागचा आयसी 434 हा पडदा सिग्मा ओरायनिस या ताऱ्यामुळे लाल उजळलेला असतो. विल्यमिना फ्लेमिंगने 1888 मध्ये हार्वर्डच्या काचपट्टीवर ही आकृती हेरली.

दुसरा: मागे आकाशगंगेतल्या ताऱ्यांची दाटी आणि पुढे धूळ. भुजंगधारीतला पाइप, त्याच्या जवळचा सापाच्या आकाराचा बर्नार्ड 72, धनु राशीत एम 24 समोरचा बर्नार्ड 92. इथे तारेच पार्श्वभूमी असतात.

तिसरा, आणि सगळ्यात चिवट: मागे विशेष काहीच नाही, पण धूळ आजूबाजूच्या ताऱ्यांचा प्रकाश विखरून स्वतःच किंचित उजळलेली. वृषभेतले तपकिरी धागे, वृषपर्वातला शार्कसारखा एलडीएन 1235. फोटोत दिसतं ती धूळ उजळ असते, काळी नव्हे. काळा असतो तो फक्त तिचा दाट गाभा.

पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून जमेल का?

पहिला प्रकार जमेल, तिसरा नाही. का, ते आकड्यांतच बघा.

विखुरलेल्या प्रकाशाने उजळलेल्या धुळीची तेजस्विता दर चौरस कलासेकंदाला साधारण 24 प्रत असते (प्रत हे तेजाचं माप; आकडा मोठा तितकं तेज कमी). आकाश 21.3 प्रतीचं असेल, म्हणजे शहरापासून बऱ्यापैकी दूर, तर धुळीचा प्रकाश आकाशाच्या उजेडाच्या 8 टक्के भरतो. शहरातल्या 18.5 प्रतीच्या आकाशात हेच प्रमाण 0.6 टक्के होतं. दोन आकाशांत 2.8 प्रतींचा फरक, म्हणजे उजेडात 13 पट. तेवढाच सुस्पष्ट फोटो हवा असेल तर वेळही 13 पट: गावी 4 तास, तर गच्चीवर 52 तास. आणि ते 52 तास भरले तरी तुमचे फ्लॅट (कडांचा काळोख दुरुस्त करायला एकसारख्या उजेडाचे घेतलेले फोटो) 0.6 टक्क्यापेक्षा अचूक असावे लागतील, नाहीतर लेन्सच्या कडांचा काळोख धुळीपेक्षा गडद दिसेल. पेट्रोलचा खर्च परवडला.

बर्नार्ड 33 मात्र 3 ते 7 नॅनोमीटरच्या हायड्रोजन-अल्फा फिल्टरने शहरातून व्यवस्थित निघतो, कारण पडदा एकाच तरंगलांबीत चमकतो आणि फिल्टर बाकीचा उजेड कापून टाकतो. वृषपर्वातल्या आयसी 1396 मधली हत्तीची सोंड, शर्मिष्ठेतल्या एनजीसी 281 मधले छोटे काळे गोळे हेही याच मार्गाने.

ड्युअल-बँड किंवा लाइट पोल्यूशन फिल्टर लावून धूळ निघेल का?

नाही. धुळीवरून येणारा प्रकाश हा ताऱ्यांचाच परावर्तित प्रकाश आहे, सगळ्या तरंगलांबींवर पसरलेला. ड्युअल-बँड फिल्टर दोनच अरुंद पट्टे पुढे सोडतो आणि त्यातला बहुतेक भाग फेकून देतो. आकाशाच्या उजेडाबरोबर धूळही जाते. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या काळात रुंद पट्ट्यांच्या फिल्टरांचा थोडा उपयोग होता. आता रस्तोरस्ती पांढरे एलईडी आहेत आणि त्यांचा उजेडही सगळीकडे पसरलेला. धुळीसाठी फक्त यूव्ही-आयआर कट ठेवा. खरा फिल्टर म्हणजे अंतर आणि अमावास्या.

मग जायचं कुठे?

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. विदर्भातल्यांसाठी ती सोयीची जागा. लडाखमधलं हानले अप्रतिम आहे, पण ते साडेबत्तीस अंशांच्या वर असल्यामुळे वृश्चिक तिथे आपल्यापेक्षा 14 अंश खाली असतो.

सह्याद्रीत जागा निवडताना एकूण काळोखापेक्षा दिशा पाहा. लक्ष्य दक्षिणेला असेल तर शहर उत्तरेला किंवा पूर्वेला पाठीमागे पडेल अशी जागा घ्या. डोंगरमाथ्यापेक्षा माथ्याच्या शहराविरुद्ध बाजूची सपाटी बरी. वाराही कमी लागतो.

कोणत्या महिन्यात काय घ्यावं?

आपलं वर्ष पावसाने कापलेलं आहे. जून ते सप्टेंबर विसरा. नेमकी तेव्हाच उन्हाळी आकाशगंगा मध्यरात्री डोक्यावर असते, हे दुर्दैव.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात संध्याकाळी वृषपर्वा घ्या. एलडीएन 1235 उत्तरेला 35 अंशांच्या आसपासच चढतो, त्याहून वर नाही, म्हणून उत्तर क्षितिज स्वच्छ हवं. नोव्हेंबर-डिसेंबर हे वृषभेचे महिने. कृत्तिका आणि ब्रह्महृदय यांच्यामधला पट्टा, त्यातले बर्नार्ड 7, 10 आणि 209 ते 213, आपल्या डोक्यावर 80 अंशांपर्यंत येतो. डिसेंबरच्या मध्याला तो रात्री साडेसातपासून साडेतीनपर्यंत 30 अंशांच्या वर असतो. एका रात्रीत आठ तास! युरोपातले लोक वृश्चिकासाठी आपला हेवा करतात, पण आपल्याकडचं खरं सोनं वृषभ आहे असं आमचं मत.

डिसेंबर-जानेवारीत मृग: बर्नार्ड 33, एम 78 आणि एलडीएन 1622. फेब्रुवारीअखेरपासून पहाटे वृश्चिक-भुजंगधारी वर यायला लागतात. ज्येष्ठा आणि रो ऑफियुकीचा परिसर आपल्याकडे 48 अंश चढतो. लंडनमध्ये तो जेमतेम 15 अंश.

ज्येष्ठा-रो ऑफियुकीसाठी एका रात्रीचा नेमका आराखडा द्याल का?

एप्रिलच्या मध्यातली अमावास्या धरू. परिसर रात्री दहाच्या सुमारास उगवतो, साडेबाराला 30 अंशांवर येतो, पहाटे साडेतीनच्या आधी मध्यमंडलावर, म्हणजे आपल्या सर्वांत उंच जागी, असतो आणि पाचच्या सुमारास उजाडायची चाहूल लागते. हातात साडेचार तास. मार्चच्या मध्यात तीनच तास मिळतात, पण हवा जास्त स्वच्छ असते. एप्रिलअखेरीला वणव्यांचा धूर आणि वळवाचे ढग यांचा भरवसा नसतो.

सामान: 135 मिमी लेन्स, ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र), ड्यू हीटर (लेन्सवर दव धरू न देणारा), पुरेशी बॅटरी. एपीएस-सी कॅमेऱ्यावर 135 मिमीची चौकट साधारण 10 बाय साडेसहा अंशांची होते. त्यात ज्येष्ठा, एम 4, रो ऑफियुकी आणि पूर्वेकडे जाणाऱ्या काळ्या नद्यांची सुरुवात मावते. 200 मिमी घेतली तर गाभा भरगच्च येतो, पण नद्या तुटतात.

साडेअकरापर्यंत ध्रुव साधून, फोकस करून मोकळे व्हा. फोकस बाहतिनोव्ह मास्कने ज्येष्ठेवरच करा. लेन्स एफ/2 असली तरी 2.8 वर आणा. उघड्या छिद्रावर कोपऱ्यातले तारे पसरतात आणि कडांचा काळोख वाढतो. चौकट जुळवताना 30 सेकंदांचा चाचणी फोटो उंच आयएसओवर घ्या, कारण धूळ डोळ्यांना दिसणार नाही. मग 120 सेकंदांचे फोटो, आयएसओ 800, दर दोन फोटोंनंतर डिदर, म्हणजे चौकट किंचित सरकवणं. तासाभराने फोकस पुन्हा तपासा. तापमान तीन-चार अंश उतरलं की फोकस सरकतोच. पहाटे उजाडता उजाडता तिथेच फ्लॅट. 110 ते 120 चांगले फोटो पदरात पडले म्हणजे रात्र सार्थकी लागली.

त्या एकाच फोटोत एवढे रंग कुठून येतात?

ज्येष्ठेभोवतीचा पिवळा-नारिंगी ढग हा त्या तांबड्या महाताऱ्याचा परावर्तित प्रकाश. रो ऑफियुकीभोवतीचा निळा हा उष्ण ताऱ्यांचा, शिवाय धूळ निळा प्रकाश जास्त विखुरते. सिग्मा स्कॉर्पीभोवतीचा लाल मात्र परावर्तन नव्हे. तिथे हायड्रोजन स्वतः चमकतो. तपकिरी म्हणजे जाड धूळ, निळा शोषून तांबडा पुढे सोडणारी. एम 4 हा तारकागुच्छ फक्त त्याच दिशेला आहे, अंतर सुमारे 6,000 प्रकाशवर्षे; धूळ 400 ते 460 प्रकाशवर्षांवर.

तुमच्या फोटोत तपकिरी धूळ हिरवट किंवा जांभळी येत असेल तर पार्श्वभूमी म्हणून निवडलेला तुकडा धुळीत पडला आहे. सॉफ्टवेअर त्यालाच राखाडी मानतं आणि बाकी सगळं विरुद्ध रंगाकडे ढकलतं.

कॅमेरा मॉडिफाय केलेला नाही. अडेल का?

धुळीसाठी अजिबात नाही. साध्या डीएसएलआरचा आतला फिल्टर 656 नॅनोमीटरचा लाल प्रकाश सुमारे तीन-चतुर्थांश अडवतो, त्यामुळे आयसी 434 आणि सिग्मा स्कॉर्पी फिके येतात. वृषभ, पाइप, एलडीएन 1235 यांना त्याने काही फरक पडत नाही. मॉडिफिकेशनचे पैसे आधी चांगल्या ट्रॅकरवर घाला.

ट्रॅकरशिवाय?

135 मिमीला तीन-साडेतीन सेकंदांत तारे रेघा होतात. शेकडो छोटे फोटो जोडून ताऱ्यांसमोरचा पाइप दिसतो, विखुरलेली धूळ नाही.

ध्रुव तारा डोंगराआड आहे. पोलर अलाइनमेंट (ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे साधणं) किती अचूक हवी?

आपल्याकडे ध्रुव अवघा 15 ते 21 अंश उंच असतो. झाड, घर, कडा काहीही आड येतं. जागा ठरवतानाच हे पाहा.

5 कलांची चूक असेल तर 120 सेकंदांत जास्तीत जास्त 2.6 कलासेकंद सरक होते. 135 मिमी लेन्स आणि 4.3 मायक्रॉनच्या पिक्सेलवर एक पिक्सेल साडेसहा कलासेकंदांचा, म्हणजे सरक अर्ध्या पिक्सेलहूनही कमी. चालेल. पण ध्रुव ताऱ्यालाच खरा ध्रुव समजून थेट त्याच्यावर नेम धरला तर चूक सुमारे 38 कलांची आणि सरक तीन पिक्सेलची होते. तारे लांबट दिसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. ध्रुव दिसतच नसेल तर आकाशाचा फोटो ओळखून दुरुस्ती सांगणारं सॉफ्टवेअर वापरा. त्याला ध्रुव दिसावा लागत नाही.

एकेक फोटो किती सेकंदांचा असावा?

आकाशाचा उजेड कॅमेऱ्याच्या रीड नॉइजला (सेन्सर वाचताना येणाऱ्या खरखरीला) गिळून टाकेल इतका. त्याहून लांब नेऊन फायदा नाही. हिशेब असा: रीड नॉइजचा वर्ग करा, 10 ने गुणा, आकाशातून दर सेकंदाला एका पिक्सेलवर येणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी भागा. आकाश सेकंदाला 0.5 इलेक्ट्रॉन देत असेल आणि कॅमेऱ्याचा रीड नॉइज 1.5 असेल तर 45 सेकंद पुरतात. रीड नॉइज 3 असेल तर 180 लागतात. आकाश जितकं काळं तितका फोटो लांब. शहरातल्या सवयीने गावी 30 सेकंदांचे फोटो काढणारे इथेच फसतात.

एवढं गणित नको असेल तर डीएसएलआरच्या पडद्यावर हिस्टोग्रामचा उंचवटा डावीकडून एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश अंतरावर आणा.

एकूण वेळ मात्र वेगळी गोष्ट. नॉइज निम्मा करायला चौपट वेळ लागतो. अंधाऱ्या जागी ताऱ्यांसमोरचे काळे ढग 2 तासांत दिसतात, वृषभेतल्या धुळीला 4 ते 6 तास द्या.

फोटोच्या मध्यभागी गोल काळा डाग येतो. कृष्ण तेजोमेघच ना?

बहुधा तुमचा फ्लॅट. मध्य गडद आणि कडा उजळ आल्या तर फ्लॅटने प्रमाणाबाहेर दुरुस्ती केली आहे: बायस (सेन्सरची मूळ पातळी) वजा झाला नाही, किंवा फोटोंत भटका उजेड शिरला. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून डोक्यावरच्या टॉर्चचा उजेड आत जातो. काळी चिकटपट्टी लावा. मेदूवड्यासारखे छोटे काळे गोल म्हणजे सेन्सरवरच्या कचऱ्याच्या सावल्या. फ्लॅट घेण्याआधी कॅमेरा काढला किंवा फिरवला तर त्या निघत नाहीत.

बरोबर पद्धत अशी: फोटो संपले की फोकस, छिद्र, आयएसओ कशालाही हात न लावता लेन्सवर पांढरा सुती टी-शर्ट एकही सुरकुती न राहता ताणून धरा. पहाटेच्या उजेडात डोक्याच्या दिशेला किंवा पांढऱ्या पडद्याच्या टॅबलेटसमोर हिस्टोग्राम मधोमध येईल असे 30 ते 40 फोटो घ्या. टॅबलेट वापरत असाल तर एक्स्पोजर निदान अर्धा-एक सेकंद ठेवा, नाहीतर पडद्याच्या लुकलुकण्याचे पट्टे येतात. त्यासाठी उजेड कमी करा किंवा कापडाचे थर वाढवा. मग झाकण लावून त्याच एक्स्पोजरचे आणखी 30.

उन्हाळ्यात फोटो फार खरखरीत येतात.

सेन्सरचा डार्क करंट साधारण दर 6 अंश सेल्सिअसला दुप्पट होतो. डिसेंबरच्या 10 अंशांच्या रात्रीपेक्षा मेच्या 28 अंशांच्या रात्री तो आठपट. कूलिंग असलेला कॅमेरा बाहेरच्या तापमानाच्या 35 अंश खाली जाऊ शकत असेल, तर मेमध्ये उणे 10 चा हट्ट धरू नका. 0 किंवा उणे 5 ठरवा आणि वर्षभराचे डार्क (झाकण लावून घेतलेले फोटो) त्याच तापमानाचे ठेवा. डीएसएलआरचे डार्क रात्रभर बदलत्या तापमानाशी जुळत नाहीत. तिथे डार्कपेक्षा डिदरवर भिस्त ठेवा: दर दोन-तीन फोटोंनी दहा-बारा पिक्सेल सरकवा. नाहीतर स्टॅक (सगळे फोटो एकत्र करून झालेला फोटो) ताणल्यावर, म्हणजे अंधूक भाग उजळवल्यावर, तिरक्या रेषांचा पाऊस दिसतो आणि तो कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट जात नाही.

ग्रेडियंट काढल्यावर धूळच गायब झाली. असं का?

सॉफ्टवेअरला उजेडाचा हळूहळू बदलणारा उतार आणि हळूहळू बदलणारी धूळ यांतला फरक कळत नाही. एका क्लिकवरची आपोआप दुरुस्ती, विशेषतः लवचीक मॉडेल, दोन्ही खाऊन टाकते. धुळीचे बहुतेक फोटो प्रत्यक्ष आकाशाखाली नव्हे, इथे मरतात.

सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये आधी प्रत्येक फोटोवर फक्त पहिल्या घाताचा, म्हणजे सरळ उताराचा, ग्रेडियंट वजा करा. सरळ पातळी धुळीचे बाक खाऊ शकत नाही. मग स्टॅक करा, कडा कापा. अजून उतार उरला असेल तर ग्राएक्सपर्ट किंवा पिक्सइनसाइटमध्ये 15-20 नमुने हाताने ठेवा, तेही धूळ नाही अशी खात्री असलेल्या जागी. ती खात्री कशी करायची? अलादीन या मोफत आकाशनकाशात आयरास किंवा प्लँक उपग्रहाचा दूर-अवरक्त नकाशा उघडा. जिथे तो उजळ तिथे धूळ आहे, तिथे नमुना नको. काढलेल्या ग्रेडियंटचं चित्र वेगळं साठवून पाहा. त्यात तुमच्या तेजोमेघाची आकृती पुसटशी जरी दिसली, तरी मॉडेल जास्त लवचीक झालं आहे, मागे या.

पुढचा क्रम: रंग जुळवणी, तारे वेगळे करणं, मग ताण. ताण जनरलाइज्ड हायपरबोलिकने थोडा थोडा तीन-चार टप्प्यांत द्या. काळा बिंदू उजवीकडे ओढायचा मोह आवरा. दाट गाभ्यासमोरही आपल्या वातावरणाचा थोडा उजेड आणि धुळीचा थोडा विखुरलेला प्रकाश असतोच. गाभ्याची किंमत शून्य आली म्हणजे तुम्ही माहिती कापली.

दिसतोय तो धागा खरा की नॉइज कमी करणाऱ्या एआयची कलाकारी?

फोटोंचे सम आणि विषम असे दोन ढीग करा, दोन्ही स्वतंत्र स्टॅक करून सारखेच ताणा. दोन्हींत आहे तो खरा मानायला हरकत नाही. एकातच आहे तो पुसा. दोन्हींत असूनही शंका असेल तर अवरक्त नकाशाशी ताडून पाहा. फ्लॅटची चूक दोन्ही ढिगांत सारखीच राहते, ती फक्त नकाशाच पकडतो.

प्रत्येक कृष्ण तेजोमेघात तारे जन्मतात का?

नाही. फोटोंखालच्या ओळींत हे सर्रास लिहिलं जातं, म्हणून ठासून सांगतो. पाइपमध्ये सुमारे 10,000 सूर्यांचं वस्तुमान आहे, पण तारे घडताहेत ते मुख्यतः त्याच्या एका टोकाला, बर्नार्ड 59 मध्ये. त्रिशंकूजवळची कोळशाची गोणी एवढी मोठी असून जवळपास शांत आहे. याउलट रो ऑफियुकीच्या एल 1688 गाभ्यात बालताऱ्यांची गर्दी आहे. 2023 च्या जुलैमध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या पहिल्या वर्षपूर्तीला प्रसिद्ध झालेल्या फोटोत त्यातल्या एका छोट्या तुकड्यात सुमारे 50 तरुण तारे आहेत.

फरक पडतो तो घनता आणि आधार यांमुळे. ढगाचं तापमान 10 केल्विनच्या आसपास. उष्णतेचा दाब, खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र ढगाला तोलून धरतात. एखाद्या गाभ्याचं वस्तुमान त्या आधाराला जड झालं की तो कोसळतो. हे गाभे दर घन सेंटिमीटरला दहा हजार ते दहा लाख रेणू इतके दाट असतात. ऐकायला गच्च वाटतं, पण आपल्या हवेच्या तुलनेत ती निर्वात पोकळीच. एकूण ढगाच्या वस्तुमानापैकी थोडे टक्केच ताऱ्यांत उतरतात.

कोसळायला लागल्यावर तारा व्हायला किती काळ?

गाभ्याच्या पोटात दडलेली, धुळीतून काहीच बाहेर न दिसणारी अवस्था एक-दोन लाख वर्षांत आटोपते. मग टी टॉरी अवस्था: भोवती तबकडी, तेज अनियमित. हे नाव वृषभेतल्याच ताऱ्यावरून, जो जॉन हाइंडने 1852 मध्ये शोधला. त्याच्या शेजारचा एनजीसी 1555 हा बदलता तेजोमेघ 800 मिमीच्या वर नाभीय अंतर असेल तर आपल्याला घेता येतो. सूर्यासारख्या ताऱ्याला पुढे स्थिर व्हायला तीनेक कोटी वर्षं किंवा अधिक.

आमच्या फोटोत ताऱ्याच्या जन्माची खूण दिसू शकते का?

दिसते. बालतारे दोन्ही बाजूंना वायूचे झोत फेकतात आणि ते झोत ढगावर आदळतात तिथे हर्बिग-हारो पिंड चमकतात, हायड्रोजन-अल्फा आणि 672 नॅनोमीटरच्या गंधकाच्या प्रकाशात. मृगात एनजीसी 1999 जवळचे एचएच 1 व 2 आणि एम 78 च्या परिसरातला एचएच 24 हे 600-700 मिमीपासून पुढे छोटे लाल ठिपके म्हणून सुटे होतात. ते बऱ्याचदा ताऱ्यांबरोबर ‘स्टार रिमूव्हल’मध्ये पुसले जातात, म्हणून मूळ फोटो तपासा.

दुसरी खूण म्हणजे बदल. जानेवारी 2004 मध्ये जे मॅकनील या हौशी निरीक्षकाला तीन इंची दुर्बिणीतून घेतलेल्या एम 78 च्या फोटोत आधी नसलेला तेजोमेघ सापडला. आतल्या व्ही 1647 ओरायनिस या बालताऱ्याचा उद्रेक झाला होता. पुढे तो फिका झाला, 2008 मध्ये पुन्हा उजळला. म्हणून दरवर्षी एम 78 घ्या आणि जुन्या फोटोशी पडताळा.

काळ्या ढगाच्या आत पाहता येत नाही का?

अवरक्तात येतं. दृश्य प्रकाश 9 प्रतींनी मंदावणारी धूळ 2.2 मायक्रॉनला जेमतेम 1 प्रतीने मंदावते. बर्नार्ड 68 हा अर्ध्या प्रकाशवर्षाचा, दोनेक सूर्यांच्या वस्तुमानाचा गोळा दृश्य प्रकाशात ठार काळा. चिलीतून अवरक्तात घेतलेल्या फोटोत त्याच्या आरपार मागचे तारे दिसतात. भारतात नैनितालजवळच्या देवस्थळच्या 3.6 मीटर दुर्बिणीवर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागाने बनलेला टॅनस्पेक हा वर्णपटमापक अशाच बालताऱ्यांचा अभ्यास करतो. आपल्या कॅमेऱ्याचे सेन्सर 1 मायक्रॉनच्या आसपास आंधळे होतात, त्यामुळे 850 नॅनोमीटरचा फिल्टर लावून थोडे जास्त तारे मिळतील, गाभा भेदता येणार नाही.

नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला हे ढग दिसतात का?

ढगांतला थंड रेण्वीय हायड्रोजन स्वतः जवळपास मुका असतो, म्हणून खगोलशास्त्रज्ञ कार्बन मोनॉक्साइडचा 115 गिगाहर्ट्झचा संदेश शोधतात. जीएमआरटी दीड गिगाहर्ट्झच्या खाली काम करते. ते काम वेगळ्या, मिलिमीटर लांबीच्या दुर्बिणींचं.

बी, एलडीएन, व्हीडीबी, एसएच2: यातलं कोणतं नाव शोधायचं?

बी म्हणजे बर्नार्ड. एलडीएन ही बेव्हर्ली लिंड्सची 1962 ची 1,802 काळ्या ढगांची यादी. तिच्यात अपारदर्शकता 1 ते 6 दिली आहे, 6 म्हणजे सर्वांत गडद. 5 आणि 6 चे ढग नवख्यांनी आधी घ्यावेत. व्हीडीबी परावर्तन तेजोमेघांची, एसएच2 चमकत्या हायड्रोजनची. एकाच ढगाला दोन-तीन नावं असतात. स्टेलॅरियममध्ये एकाने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा.

फोटो नको, नुसत्या डोळ्यांनी किंवा द्विनेत्रीतून काय दिसेल?

ऑक्टोबरच्या संध्याकाळी श्रवणापासून सुरुवात करा. श्रवणाच्या वरचा तारा टाराझेद. त्याच्या पश्चिमेला दीड अंशावर बर्नार्ड 142 आणि 143 मिळून रोमन ई सारखी आकृती 10×50 द्विनेत्रीतून दिसते. डोळे वीस मिनिटं अंधाराला सरावू द्या, मोबाइल खिशातच राहू द्या. अंधाऱ्या जागी एप्रिल-मेच्या पहाटे पाइप नुसत्या डोळ्यांनी दिसतो, ज्येष्ठेच्या पूर्वेला. कोळशाची गोणी पुण्यातून फक्त 8 अंश वर येते आणि क्षितिजाच्या धुरात बुडते. सिंधुदुर्ग किंवा गोव्यात 11 अंश मिळतात. एप्रिलमध्ये रात्री साडेअकरा-बाराच्या सुमारास, दक्षिण क्षितिज पूर्ण मोकळं असेल आणि हवा धुऊन निघालेली असेल तरच प्रयत्न करा.